बोटीची दुसरी बाजू

तिनं बॅग भरायला घेतली तेव्हा सगळं हाताशी आलं, फक्त हेअर ड्रायर सापडेना. कपाट झालं, पलंगाखाली वाकून झालं, चिमणीच्या खेळण्यांची टोपली उलटी करून झाली. चिमणी म्हणजे तिची लेक, नुकती बोलायला लागलेली. घरातली कुठलीही वस्तू हरवली की पहिला संशय हिच्यावरच जायचा. या वेळी मात्र चिमणीनं अंगाला काही लावून घेतलं नाही. "आजोबांनी नेलं," एवढं सांगून ती मोकळी झाली.

डोक्यावर औषधाला केस न उरलेल्या माणसाला हेअर ड्रायर कशाला लागतो, हे तिला काही केल्या उमगेना. आणि विचारणार कसं? सासूबाई गेल्यापासून बाबा, म्हणजे तिचे सासरे, घरात बोलतच नसत. राग नव्हता, रुसवा नव्हता. चहाचा कप पुढे केला की मान हलायची, ताट पुढे केलं की मान हलायची, की झालं त्या दिवसाचं बोलणं. बाकी वेळ ते बोटींच्या शेडमध्ये. आयुष्यभर बोटी रंगवलेल्या माणसाला दुसरीकडे कुठे करमणार. नवरा जहाजावर, त्याचा फोन यायचा तोही अर्धा वाटेतच सांडून. उरली चिमणी. तिच्याशी दूध, भू-भू आणि काऊ यापलीकडे विषय निघत नसे. परवा दुकानदारानं "आणखी काय देऊ?" असं विचारलं, तर तिला उत्तर द्यायला घसा खाकरावा लागला. सकाळपासून मोठ्या माणसाशी बोललेला तो पहिला शब्द होता.

त्या दिवशीच तिनं ठरवलं. आईकडे जायचं आणि नवरा सुटीवर येईपर्यंत तिकडेच राहायचं. महिने दोन महिने नाही, चांगलं अर्धं वर्ष. नवऱ्याला सांगून झालं होतं. "बरं, पण बाबांना तूच सांग," असं म्हणून त्यानं अंग काढून घेतलं होतं. तेवढं सांगायचं राहिलं होतं आणि तेवढंच अवघड होतं.

चिमणीला कडेवर घेऊन ती शेडकडे निघाली.

शेड धक्क्याच्या टोकाला होती. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना एकेक दार असलेल्या विटांच्या उघड्या भिंती, जमिनीवर रंगाचे वाळलेले थेंब, आणि सगळ्यावर थिनरचा वास. लाकडी टेकूंवर बाबांची स्वतःची बोट उभी होती. सासूबाई गेल्या तेव्हा पाण्याबाहेर काढलेली, ती तशीच. पांढऱ्या अंगावर चिकटवलेली लाल पट्टी टाचांच्या भेगांसारखी तडकली होती. बाबा ड्रायरची गरम हवा त्या पट्टीवर धरून होते आणि नरम पडलेली पट्टी नखानं, मग बोटानं, हळूहळू सोलून काढत होते, लहान मुलाच्या गुडघ्यावरचं चिकटलेलं फडकं काढतात तशी. तिला पाहून त्यांनी ड्रायर बंद केला आणि अपराध्यासारखा पाठीमागे धरला.

ती हसली. "असू द्या, बाबा. माझ्या केसांपेक्षा बोटीला गरज आहे."

मान हलली. ड्रायर पुन्हा सुरू झाला. जायचं सांगायला आलेली ती न सांगताच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पट्टी सगळी निघाली होती आणि जिथं ती होती तिथं तिची सावली राहिली होती. उन्हानं बोटीचं अंग पिवळटलं होतं. पट्टीखालचा पांढरा मात्र काल लावल्यासारखा कोरा. बाबा पॉलिशची पेस्ट घेऊन ती सावली घासत बसले होते. घाम नाकावरून ठिबकत होता. तिला राहवलं नाही. एवढं घासण्यापेक्षा त्याच रेघेवर नवी पट्टी लावली तर आयतं माप नाही का मिळणार, असं तिनं विचारलं. उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण बाबांचं तोंड बोटीकडे होतं, आणि तिकडूनच उत्तर आलं.

"ती रेघ तुझ्या सासूच्या डोळ्याची आहे. माझी तशीच्या तशी यायची नाही. आणि नाही आली तर एकीच्या जागी दोन रेघा दिसतील."

वर्षभरात तिनं ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

शेजारच्या होडीत फळ्या तासणाऱ्या सुताराकडून तिला बाकीचं कळलं. हा सुतार म्हणजे बाबांच्या बरोब्बर उलट. त्याची जीभ रंध्यापेक्षा जास्त चालायची. त्यानं सांगितलं की पट्टी लावणं हे एकट्याचं कामच नाही. लावणारा बोटीला गाल टेकून असतो, त्याला वितीपलीकडलं दिसत नाही. म्हणून मागे शेडच्या दारापाशी दुसरं माणूस उभं करतात. त्याला इथे 'डोळा' म्हणतात. डोळ्यानं बोटीला हात लावायचा नाही, नुसतं सांगायचं: वर घ्या, खाली घ्या, चालू द्या. आणि लावणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही, कारण मान वळली की खांदा वळतो, आणि खांद्यामागून पट्टी. रंगारीबुवांचा डोळा कायम त्यांची बायको. ती गेल्यावर इथल्या प्रत्येकानं विचारून पाहिलं, मीसुद्धा, पण म्हातारा कुणाला उभं करेना.

"तुमचं तोंड बंद राहणार नाही म्हणून नको म्हणाले असतील," ती म्हणाली.

"ते तर आहेच," सुतारानं लगेच कबूल केलं.

सावली पुसून झाली, बोट साबणाच्या पाण्यानं न्हाऊन निघाली, नव्या लाल पट्टीचा रोल आला. दोन बाजूंना पुरेल एवढाच होता. तो रंग आता दुकानदार ठेवत नव्हता. त्या सकाळी बाबा घरातून निघताना दारात थांबले. चपलेत पाय घालण्यात त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला. मग चपलेकडे बघतच म्हणाले, "काम नसेल तर येशील का? मागे उभं राहायला."

बॅग भरून दाराआडच ठेवलेली होती. ती म्हणाली, येते. हे एवढं करावं आणि मग सांगावं, असा तिनं हिशेब केला.

चिमणीला सुताराच्या हवाली केलं. रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्या कानात अडकवून ती तिथे राणीसारखी बसली. बाबांनी मागच्या टोकाला पट्टी टेकवली, खालचा कागद थोडा सोडवला आणि गाल बोटीला लावला. ती दारापाशी उभी राहिली. आजवर या घरात तिच्या सांगण्यावर कुणी काही केलं नव्हतं.

"थोडं वर," ती म्हणाली. हात वर गेला. "बस. चालू द्या."

रबराचा तुकडा दाबत, हवेचे बुडबुडे कडेला ढकलत ते पुढे सरकत होते. सरळ म्हणजे किती सरळ, याला तिला काहीतरी आधार हवा होता. तो बोटीपलीकडच्या भिंतीत सापडला. विटांच्या ओळी कशा एकसारख्या आडव्या होत्या. तिनं पट्टी त्यांच्याशी जुळवत नेली. बोटीच्या नाकाशी आल्यावर बाबांचा हात अडखळला. वर जाऊ बघत होता.

"नक्की?" त्यांनी न वळता विचारलं.

"नक्की. वर नका घेऊ, सरळ येतेय."

मग हात तिच्या सांगण्याप्रमाणे गेला. शेवटचं टोक दाबून ते मागे आले, तिच्या शेजारी उभे राहिले, आणि दोघांनी बोट पाहिली.

पट्टी विटांशी सरळ होती. पण बोट विटांसारखी नव्हती. तिची वरची कड नाकाकडे चढत जात होती आणि पट्टी काही तिच्यासोबत चढली नव्हती. पुढून सगळं खाली ओघळल्यासारखं दिसत होतं. सुतार रंधा टाकून आला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "रंगारीबुवा, बोट रुसली की हो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टी काढून पुन्हा लावू, ती म्हणाली. बाबांनी नाही अशी मान हलवली. एकदा दाबलेली पट्टी सोलली की ताणते. मग ती कशालाच धड चिकटत नाही. त्यांनी रोल उचलला आणि बोटीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. तिला वाटलं, संपलं. आता सुताराला हाक मारतील.

"तिकडच्या दारापाशी उभी राहा," पलीकडून आवाज आला. "भिंतीकडे बघू नको. बोटीची कड बघ."

ती गेली. त्यांनी गाल टेकवला. कागद सोडवायचा करकर आवाज सुरू झाला. थोडं अंतर गेल्यावर तिनं विचारलंच. हात अडखळला होता, म्हणजे त्यांना कळलं होतं. मग थांबवलं का नाही?

"हाताला कळलं होतं," बाबा बोटीला म्हणाले. "पण डोळा म्हणाला सरळ, म्हणजे सरळ. आपलाच हात खरा करायचा तर मागे माणूस उभं करायचं कशाला?"

"जरा वर," ती म्हणाली. "हं. चालू द्या." मग श्वास घेऊन, त्याच सुरात: "बाबा, मी आईकडे चाललेय. हे येईपर्यंत तिकडेच राहीन म्हणते."

रबर पट्टीवरून सरकत राहिलं. एक बुडबुडा होता, तो त्यांनी अंगठ्यानं कडेपर्यंत नेऊन सोडवला.

"ठाऊक आहे. बॅग बघितली."

"मग काही बोलला नाहीत."

"राहा म्हणायला आधी काहीतरी बोललेलं असावं लागतं. तू जेवलीस का, एवढंसुद्धा मी वर्षभरात विचारलं नाही. मग राहा कोणत्या तोंडानं म्हणू?" हात थांबला, पुन्हा चालू झाला. "घरात मला सुचत नाही गं. पहिल्यापासूनच. तुझी सासू म्हणायची, घरी मुका आणि शेडमध्ये पोपट. तिला काही ऐकायचं असलं की ती इथं यायची. काम नसलं तरी यायची. तिकडे उभी राहून म्हणायची, हं, बोला आता."

तिला एकदम सासूबाई आठवल्या, ओट्याशी. जरा जाऊन येते गं शेडमध्ये, असं म्हणत पदराला हात पुसणाऱ्या. डबा द्यायला जातात, असंच तिला वाटायचं.

"तुझी लेक झाली तेव्हा," बाबा म्हणाले, "दोन दिवस मी इथं तेवढंच बोलत होतो. नाक कुणासारखं, बोटं कशी लांब आहेत. हा सुतार कंटाळून घरी गेला. तुला कुणी सांगितलं नसेल."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात ते दारातून डोकावून, मान हलवून गेले होते, आणि ती त्या रात्री उशीत तोंड घालून रडली होती. मुलगी झाली म्हणून आवडलं नसेल, असं तिनं धरून चाललं होतं. तेव्हापासून धरून चालली होती.

"वर घ्या," ती म्हणाली. "अजून वर, बाबा. कड चढतेय. चढू द्या."

नाकाशी पट्टी उचलून गेली, अगदी हलकी, भुवई उचलावी तशी. सुतार चिमणीला खांद्यावर घेऊन आला. त्यानं ही बाजू पाहिली, वळसा घालून ती पाहिली, परत आला आणि म्हणाला की एक बाजू हसतेय आणि एक फुरंगटलीय, लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं?

"दोन्ही बाजू एकदम कुणाला दिसतात?" बाबा म्हणाले.

मग ते बोटीपासून दूर झाले आणि तिच्याकडे वळले. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यांचं बोलणं संपलं. चेहरा समोर आला तसे शब्द कुठेतरी आत निघून गेले. त्यांनी फडक्याला हात पुसले, पुसून झालेले पुन्हा पुसले. काहीतरी म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं. तिला आता ते दिसत होतं. आजवर त्या जागी तिला नुसती भिंत दिसायची.

तिनंच सांगितलं, आठ दिवस जाऊन येते. आईलाही बरं वाटेल.

मान हलली. ते हत्यारं आवरायला खाली वाकले. पाठमोरे झाल्यावर म्हणाले, "सुताराच्या मेव्हण्याची होडी येतेय. तिचीही पट्टी गेलीय. जुनी काढून ठेवतो तोवर, ते एकट्याचं काम आहे. लावायचं थांबवतो."

"थांबवा," ती म्हणाली.

घरी जाताना ते पुढे होते, खांद्यावर झोपलेली चिमणी, तिच्या केसांत अजून ढलप्या. रस्ता रिकामा होता. आठ दिवसांनी परतलं तरी हेच घर, हीच मुकी ताटं असणार, हे तिला कळत होतं. एका पट्टीनं ते काही बदलणार नव्हतं. तिनं पावलं उचलून त्यांना गाठलं नाही. मागूनच चालत राहिली, आणि चालता चालता त्यांच्या पाठीला सांगायला लागली: चिमणीला दाढ येतेय, रात्री किरकिर करते, त्या दिवशी दुकानात घशातून आवाजच फुटेना, दुकानदाराला वाटलं आजारी आहे, तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा मला वाटलं होतं की तुम्हाला नात नको होती.

बाबांचं पाऊल जरा मंदावलं. ते वळले नाहीत.

"मग?" ते म्हणाले.