जिना अभ्यासक्रमात नाही

कृत्रिम पाय बसवणाऱ्यांच्या प्रमाणपत्र परीक्षेला पेशंट म्हणून बसायचं, हे खेळाच्या बाईंचं दरवर्षीचं काम. अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला, शाळेतली नोकरी सुटली. आवाज मात्र मैदानावरचाच राहिला. मुख्य परीक्षक त्यांचाच विद्यार्थी. केस पिकले तरी बाईंसमोर आला की तो अजून शर्ट नीट खोचायचा.

त्या दिवशी परीक्षेला बसलेल्या एका मुलीने बाईंना पाय बसवला. बाई आधाराच्या दोन दांड्यांमधून चालून आल्या.

"छान, पूर्ण गुण," परीक्षक म्हणाला. "पुढचा!"

"थांब. मी काय या दांड्यांमध्ये राहते?" म्हणत बाई तडक दाराबाहेर.

बाहेर जिना होता. चार पायऱ्या चढल्या तोच नव्या पायाचा पंजा अडकला. बाईंनी कठडा गच्च धरला. मुलगी धावत आली.

"लागलं का हो? पंजा फार खाली झुकलाय. आत्ता नीट करते."

"वेळ संपली," परीक्षक म्हणाला. "बाई, आत चला ना. जिना अभ्यासक्रमात नाही."

"तुझा अभ्यासक्रम मी दोन पायांवर पळत होते तेव्हाचा आहे!" बाईंनी पायरीवरच बसकण मारली. "आज मी हलत नाही. ज्याला परीक्षा द्यायची त्याने इथे यावं."

"मग मी दुसरा पेशंट घेईन."

"घे की."

दुसरे पेशंट टॅक्सीवाले काका. ते आतून आले, दोघांकडे पाहिलं आणि बाईंशेजारी टेकले. "साहेब, माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे."

परीक्षकाचा चेहरा पडला. त्याने मुलीला मान हलवून खूण केली. "कर. पण याचे गुण धरता येणार नाहीत."

"नको धरूस. बघ तरी!"

मुलीने स्क्रू फिरवून पंजा उचलला. बाई वरपर्यंत गेल्या, खाली आल्या. परीक्षक शेजारून, त्यांच्या पायावर नजर ठेवून, प्रत्येक पायरी चढला-उतरला.

पुढे परीक्षा मंडळात तो कधी नव्हे तो भांडला आणि परीक्षेत जिना आला. त्याच मंडळाने बाईंना मात्र, परीक्षा अडवली म्हणून, 'यापुढे येऊ नये' असं कळवलं. बाईंना ते फार लागलं.

पुढच्या परीक्षेला त्या खेळाचे बूट चढवून फाटकाशी हजर.

"बोलावलंय का तुम्हाला?" रखवालदाराने विचारलं.

"नाही. म्हणून तर आले," बाई म्हणाल्या. "सरक बाजूला."