पांढऱ्या फरशीखालचा तांबडा कोबा

मी एक जुना तांबडा कोबा आहे. तंजावूरच्या पश्चिम वीधी नावाच्या रस्त्यावरल्या एका घराच्या पुढच्या खोलीत माझा मुक्काम आहे. मित्रांनो, गेल्या वर्षी मला जिवंत पुरले होते. माझ्यावर पांढरी चकचकीत फरशी बसवली आणि चार महिने मी अंधारात पडून राहिलो. ज्याने हे केले त्याच्यावर मी सूड उगवला. तो कसा उगवला आणि त्यात कोण पडले, ते तुम्हाला सरळ सांगतो.

माझा जन्म १९६१ सालचा. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नोकरीला असलेल्या शेषगिरीरावांनी हे घर बांधले. गवंड्याने सिमेंटमध्ये तांबडी भुकटी कालवून मला थापीने सपाट केले. मी ओला असतानाच दोन बायकांनी कावेरीच्या पात्रातले गुळगुळीत गोटे घेऊन मला तीन दिवस घासले. नंतर आठवडाभर माझ्यावर पाणी बांधून ठेवले. मी सुकलो तेव्हा माझ्यात छताची तुळई दिसत होती. शेषगिरीराव कचेरीतून आले की चपला बाहेर काढून नुसतेच माझ्यावर उभे राहायचे. पायांना गार वाटते, असे म्हणायचे. महिन्यातून एकदा मला खोबरेल तेलाचा हात मिळायचा.

ते गेले आणि माझे दिवस फिरले. कुणीतरी भिंतींना गुलाबी रंग दिला. छताला पांढरी ट्यूबलाइट आली. गुलाबी भिंती आणि तो निळसर उजेड यांच्यामध्ये मी काळपट, शिळा दिसू लागलो. मला कुणी वाईट म्हणत नसे, पण माझ्याकडे कुणी बघतही नसे.

मग अकरा वर्षांपूर्वी या घरात श्रीविद्या आली. शेषगिरीरावांच्या नातवाची, मुरलीकृष्णाची बायको. कुंभकोणमची मुलगी. तिने कुठल्या शाळेत रंगांचा अभ्यास केला नव्हता, पण तिची नजर वेगळी होती. लग्नानंतर महिन्याभरात तिने मला पुसता पुसता सासूला, ताराबाईंना, विचारले, "आत्याबाई, हा कोबा इतका सुरेख, मग ही खोली आजारी का दिसते?"

उत्तर श्रीविद्येनेच शोधून काढले. तांबड्याच्या समोर हिरवा आला की दोघेही उठून दिसतात, हे तिने आपल्याच साड्यांच्या काठांवरून ताडले होते. म्हणून तिने समोरच्या भिंतीला पोपटी रंग लावला. तो फसला. आम्ही दोघेही सारखेच भडक, दिवसभर एकमेकांशी भांडत राहिलो. ताराबाई डोळे चोळत म्हणाल्या की घरात बसले की डोकेच उठते. श्रीविद्येने हार मानली नाही. केळीचे पान पालथे घातले की त्याची जी फिकट, राखाडी बाजू दिसते, तो हिरवा तिने चार डबे कालवून मिळवला. मी चकचकीत, म्हणून भिंत तिने मुद्दाम चुन्याची, खरबरीत ठेवली. माझ्यावर कोरै गवताची जाड चटई आली, कोपऱ्यात शिसवी बाक आणि एक पितळी घंगाळ. ट्यूबलाइट तिने काढूनच टाकली. वेताच्या मोड्यामागे, म्हणजे बुटक्या बैठकीमागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, तिने एक पिवळा दिवा लावला. तो उजेड तिरपा येऊन माझ्यावरून घरंगळत भिंतीवर चढायचा. दिवसा कौलांमधल्या दोन काचेच्या कौलांतून ऊन यायचे.

मित्रांनो, माझे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. आपण सुंदर आहोत हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळले.

लोक खोली बघायला येऊ लागले. त्यांच्यात एक होते अनिरुद्धराव. मुरलीकृष्णाचे चुलत भाऊ, वयाने बरेच मोठे. लोकांची घरे सजवून देण्याचा त्यांचा व्यवसाय. त्यांनी फोटो काढले, श्रीविद्येला शंभर प्रश्न विचारले आणि तिरुवैयारूला नदीकाठी बांधत असलेल्या एका पाहुणघराच्या कामात तिला बोलावले. तीन महिने ती रोज सकाळच्या बसने जायची. संध्याकाळी माझ्यावर नमुन्यांचे कपडे, दगड, लाकडाचे तुकडे पसरून बसायची. कोणता रंग कोणत्या दिव्याखाली मरतो आणि कोणता जगतो, हे ती तासन्‌तास पाहत राहायची.

पाहुणघराचे उद्घाटन झाले, त्या दिवशी ती लवकर परतली. साडी न बदलता भिंतीला टेकून माझ्यावर बसली आणि तिने ताराबाईंना सगळे सांगितले. अनिरुद्धरावांनी व्यासपीठावर सांगितले होते की कावेरीच्या काठी पहाटे फिरताना तांबडी माती आणि हिरवे शेत पाहून ही कल्पना त्यांना सुचली. एका तमिळ मासिकाच्या बाईने श्रीविद्येकडे बोट दाखवून ही कोण म्हणून विचारले. तेव्हा ते हसून म्हणाले, घरचीच मुलगी आहे, कापडाच्या घड्या घालायला मदत करते.

ती रडली नाही. तिने दोन्ही तळहात माझ्यावर दाबून धरले. ते इतके तापले होते की मला चटका बसला. तिच्या मनातला राग त्या दिवशी माझ्यात उतरला आणि माझ्यात उतरलेली गोष्ट सहजी निघत नाही.

पुढे मासिकात पाहुणघराचे फोटो छापून आले. आमच्या वीधीतल्या लोकांनी ते पाहिले आणि जो तो म्हणू लागला, ही तर श्रीविद्येची खोली. ही कुजबुज अनिरुद्धरावांच्या कानावर गेली. पोंगलच्या आधी, श्रीविद्या बाजारात गेलेली असताना, ते मुरलीकृष्णाकडे आले. एका कामातून पांढरी फरशी उरली आहे, ती तुझ्याकडे बसवून देतो, भिंतीही पांढऱ्या करून देतो, घर कसे लख्ख होईल, असे म्हणाले. त्यांना खोली लख्ख करायची नव्हती, मित्रांनो. त्यांना पुरावा बुजवायचा होता. मुरलीकृष्ण भिडस्त माणूस. अनिरुद्धरावांच्या वडिलांनी त्याच्या कॉलेजचा खर्च उचलला होता. त्याच्या तोंडून नाही निघालेच नाही.

श्रीविद्येला कळले तेव्हा कामगार दुसऱ्या दिवशी यायचे ठरलेसुद्धा होते. ती नवऱ्याला एवढेच म्हणाली, "मला विचारायचं तरी होतं." त्याने मान खाली घातली. अनिरुद्धअण्णांना शब्द दिला आहे, असे काहीसे पुटपुटला आणि कामावर निघून गेला.

दुपारी ताराबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. श्रीविद्येने चटई गुंडाळली, बाक सरकवला आणि खोबरेलाची बाटली आणली. नेहमी ती चमचाभर तेल घ्यायची. त्या दिवशी तिने अख्खी बाटली माझ्यावर रिकामी केली. कोपऱ्याकोपऱ्यात ते जिरवले आणि वरून कोरडे फडके फिरवले. तेलकट कोब्यावर सिमेंट धरत नाही, हे तिला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. मी ते तेल अधाशासारखे प्यायलो.

सकाळी चिदंबर गवंडी आला. मुरलेला कारागीर. त्याने माझ्यावर बोट घासले, नाकाला लावले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या श्रीविद्येकडे पाहिले. मग तो अनिरुद्धरावांना म्हणाला की जमीन फार गुळगुळीत आणि तेलकट आहे, छिन्नीने टाचे मारून ती खरबरीत केल्याशिवाय फरशी बसणार नाही, दोन दिवस लागतील. त्या क्षणी अनिरुद्धरावांनी हो म्हटले असते, तर माझे अंग छिन्नीने सोलले गेले असते आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांना घाई होती.

"टाचेबिचे काही नको," ते म्हणाले. "तशीच बसव."

चिदंबरने तशीच बसवली.

पुढचे चार महिने मी काय केले ते सांगतो. मी काही धरले नाही. वरचे सिमेंट माझ्याकडे हात पसरत होते आणि मी हात देत नव्हतो. वर पांढऱ्या फरशीवर पांढऱ्या दिव्यांचा झगझगाट होता. कडेच्या सांध्यांतून मला ऐकू यायचे. लोक आत आले की डोळे बारीक करून बोलायचे, पाच मिनिटांत उठायचे. ताराबाई मोतीबिंदूच्या डोळ्यांनी चाचपडत चालायच्या, कारण पांढऱ्या भिंतीपाशी पांढरी जमीन कुठे संपते ते त्यांना दिसत नसे. श्रीविद्या त्या खोलीत बसेनाशी झाली. आणि मी उन्हाळ्याची वाट पाहत होतो.

मे महिन्यात अग्निनक्षत्राचा कडक उन्हाळा लागला. तंजावूरचे ते दिवस कसे असतात, इथल्या मुलांना सांगायला नको. फरशी तापून फुगू लागली, पण सांधे इतके घट्ट होते की तिला पसरायला जागा नव्हती. अशाच एका सकाळी अनिरुद्धराव एका पाहुण्या बाईंना घेऊन आले. डॉक्टर कामाक्षी त्यांचे नाव. त्या नवे घर बांधत होत्या आणि त्याची सजावट अनिरुद्धरावांकडे यायची होती. आपले काम किती स्वच्छ असते ते दाखवायला त्यांनी त्यांना इथे आणले होते. तिरुवैयारूच्या फोटोंचे मासिकही त्यांनी बाकावर मांडले.

ते बोलत असताना मी अंग झटकले.

पहिला आवाज बंदुकीच्या बारासारखा झाला. खोलीच्या मधोमध दोन फरश्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्या. मग दुसरी ओळ उठली. अनिरुद्धरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल, मला मात्र त्यांचे पाय मागे मागे जाताना जाणवले. गवंड्याने कच्चे काम केले, असे ते म्हणू लागले. मी आनंदाने थरथरत होतो, मित्रांनो. आता आणखी एक, मी म्हणालो. त्यांच्या पायाखालची.

फरशी उठली, पण दाराकडची. तिथून ताराबाई कॉफीचे पितळी पेले आणि डबरे घेऊन आत येत होत्या.

त्या माझ्यावर पडल्या. डबरे गडगडत गेले. त्यांच्या मनगटाचे हाड मोडल्याचा बारीक आवाज मला सगळ्यांच्या आधी ऐकू आला.

डॉक्टर कामाक्षींनी क्षण घालवला नाही. बाकावरचे मासिक उचलून ताराबाईंच्या हाताखाली आधाराला धरले, पदर फाडून बांधायला घेतला. बांधताना त्यांची नजर मुखपृष्ठावर गेली. तांबडी जमीन, केळीच्या पानाच्या पाठीसारखी हिरवी भिंत. मग त्यांनी फुटलेल्या फरशीतून दिसणाऱ्या माझ्याकडे पाहिले. कोपऱ्यातल्या कपाटामागे पांढरा रंग पोचला नव्हता, तिथे कडेला हिरवी पट्टी उरली होती, तीही त्यांनी पाहिली.

"हे रंग आधी कुठे होते, तिकडे की इथे?" त्यांनी विचारले.

अनिरुद्धराव काहीतरी बोलणार, तोच ताराबाई बोलल्या. वेदनेने त्यांचा आवाज चिरकत होता. "कोबा माझ्या मामंजींचा. हिरवा माझ्या सुनेनं शोधला. ह्यानं तो चोरला, आणि मग आमच्याच घरात पुरला."

बाईंनी ताराबाईंना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेले. अनिरुद्धरावांना त्यांनी सोबत यायलाही सांगितले नाही. त्यांचे काम तिथेच गेले. गावात ही हकिगत आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी होती.

सूड पुरा झाला होता. मला वाटले होते तसे मात्र काही वाटले नाही. प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून ताराबाई घरी आल्या, तेव्हा श्रीविद्या त्यांच्या पायाशी बसली आणि तेलाची गोष्ट तिने कबूल केली.

ताराबाई म्हणाल्या, "घरभर वास सुटला होता. तुला तेल कमी पडलं तर म्हणून मी दुसरी बाटली काढून दारामागे ठेवली होती."

श्रीविद्येने वर पाहिले. "म्हणजे तुम्ही…"

"मला तो पडायला हवा होता. पडले मी." त्यांनी चांगला हात सुनेच्या डोक्यावर ठेवला. "आता पुरे की."

मुरलीकृष्णाने रजा घेतली आणि चिदंबरला घेऊन स्वतः सगळी फरशी काढली. त्याच्या हाताला फोड आले. पहिल्या दिवशी तो बायकोकडे पाहत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "भिंतीला कोणता हिरवा आणू?" तिने त्याला केळीचे पान आणायला परसात पाठवले. डॉक्टर कामाक्षींनी आपल्या घराचे काम श्रीविद्येला दिले. आमच्या दारावर तिच्या नावाची छोटी पाटी लागली. माझ्या अंगावर सिमेंटचे पांढरे ओरखडे आहेत, ते जाणार नाहीत. ताराबाईंची बोटे अजून पूर्ण मिटत नाहीत. रांगोळीची रेघ त्यांना डाव्या हाताने ओढावी लागते.

ऐप्पशी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, पाऊस धो धो कोसळत असताना, अनिरुद्धराव पुन्हा आले. त्यांच्या ओल्या चपलांचा आवाज मी दारातच ओळखला. दारातून आलेल्या झडीने माझ्यावर पाण्याचा पातळ थर साचला होता. तेवढ्यानेही माणूस आडवा होतो, मित्रांनो. मी तयार होतो. माझ्यात उतरलेला राग सहजी निघत नाही, हे मी आधीच सांगितले आहे.

पण श्रीविद्येने खिडकीतून त्यांना येताना पाहिले होते. ती कोरडे फडके घेऊन गुडघ्यांवर बसली आणि उंबऱ्यापासून बाकापर्यंतची वाट तिने पुसून काढली. थेंबही ठेवला नाही. ते आत आले, संकोचून उभे राहिले, पाटीवर तुझ्या नावाशेजारी माझेही नाव लावूया, एकत्र काम करू, असे म्हणू लागले.

"बसा," ती म्हणाली. "कॉफी घ्या. पाटी माझी आहे, ती तशीच राहील."

त्यांनी कॉफी घेतली. मोड्यामागचा दिवा लागला होता. ते बराच वेळ भिंतीकडे आणि माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग पायऱ्या जपून उतरत निघून गेले.

मित्रांनो, मी अजून त्यांना माफ केलेले नाही. मी दगडमातीचा आहे, मला ते जमत नाही. तुम्हाला मात्र एवढेच सांगणे आहे. घरातली जुनी वस्तू झाकण्याआधी ती कुणाची आहे ते विचारा, आणि तिला शोभणारा रंग ज्याच्या नजरेने शोधला त्याचे नाव घ्या. आणि कुणी नावडता माणूस पावसातून तुमच्या दाराशी आलाच, तर त्याच्या वाटेवरचे पाणी पुसा.