ताईंचा मुद्दा

मोठ्या माणसाचा तळहात आडवा ठेवा, की माझी रुंदी संपली. मित्रांनो, मी जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमधला एक जुना बॅलन्स बीम आहे, म्हणजे तोल सांभाळत कसरत करायची लांब, अरुंद पट्टी. सुताराने मला लाकडी कणा दिला, कारागिराने वर मऊ आवरण चढवलं, आणि मला मुलींच्या छातीइतक्या उंचीवर उभं केलं. आमच्या शिपाईमामांनी एका दुपारी माझ्यावर डुलकी काढायचा प्रयत्न केला होता. त्यानंतर ते मला जे काही बोलले, ते मुलांपुढे सांगण्यासारखं नाही.

माझे नियम कडक. दीड मिनिटाच्या आत उड्या, गिरक्या सगळं उरकायचं. डगमगलं की गुण कापले जातात. पडलं तर पुरा एक गुण जातो, आणि दहा सेकंदांत परत चढलं नाही तर कसरत तिथेच संपली. मी जागचा हलतसुद्धा नाही, तरी ‘बीमने पाडलं’ असा ठपका माझ्यावरच येतो.

आणखी एक नियम आहे. मुलगी माझ्यावर असताना तिच्या प्रशिक्षकाने अवाक्षर काढायचं नाही. ती पडली, तर मात्र त्या दहा सेकंदांत बोलायला मुभा. हा नियम करणाऱ्याने आमच्या प्रशिक्षक ताई पाहिल्या नसाव्यात. ताई मनाने सोन्यासारख्या. पण ‘सराव सुरू करा’ एवढं सांगायला लागल्या, की त्यातच सरावाची वेळ संपायची.

एकदा संघाची निवड होती. शेवटच्या जागेसाठी दोघी उरल्या होत्या. पहिली दोनदा पडून कोपऱ्यात रडत बसली होती. दुसरी आमची टोळ. सतत उड्या मारते म्हणून हे नाव. तिने कसरत नीट पुरी केली, तर जागा तिची.

टोळ चढली. ताई ओठ घट्ट मिटून उभ्या. चेहरा लालबुंद. तिसऱ्याच उडीला टोळचा पाय निसटला आणि ती धप्पकन गादीवर.

ताईंच्या तोंडाचं कुलूप निघालं.

“हे बघ, घाबरायचं नाही. अगं, पडणं म्हणजे काय असतं? मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा आमच्याकडे साधी गादीसुद्धा नव्हती...”

“पाच,” वेळ मोजणाऱ्या बाई म्हणाल्या.

“...आमचे सर म्हणायचे, मुली, शांत राहा. आता सर कसे होते, तर...”

“आठ.”

“...तर मुद्दा असा, की...”

“ताई, मुद्दा नंतर!” असं म्हणून टोळने माझ्यावर उडी घेतली.

ताईंचं तोंड उघडंच राहिलं. मग नियम आठवला आणि त्यांनी गळ्यातल्या नॅपकिनचा बोळा तोंडात कोंबला. टोळ पुढे एकदाही डगमगली नाही. शेवटची उडी मारून ती खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली. ती एकदाच पडली होती, म्हणून जागा तिला मिळाली.

“ताई, मघाशी काय सांगत होतात?” तिने धापा टाकत विचारलं.

ताईंनी बोळा काढला. “तेच गं. वेळ थोडा आहे, पटकन चढ!”

मित्रांनो, आता नवा बीम आलाय आणि मी कोठीत आहे. माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालू नका, आवरण कुजतं. आणि कुणी पडलं, तर त्याला आधी उठू द्या. तुमचे सर कसे होते, ते तो मग निवांत ऐकेल.