चौदा हजार किलोमीटरांचे निमित्त

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माणसांवर माझा राग आहे.

पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून, त्यांवर नकाशाच्या पट्ट्या चिकटवून मला घडवले. विश्वासरावांनी मला चिकपेटेच्या बाजारातून आणले आणि शिवाजीनगरातल्या आपल्या घराखालच्या विमान तिकिटांच्या दुकानात मांडले. गिऱ्हाईक आले की ते माझ्यावर दोरा ताणून दोन शहरांमधले अंतर दाखवत. लोक कौतुकाने मला फिरवत. पुढे सगळे मोबाइलवरच कळू लागले, गिऱ्हाईक आटले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. तेव्हा वाईट वाटले, पण राग आला नाही.

राग आला तो त्यांच्या मुलांचा. धाकटा वादिराज सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, तेव्हा विश्वासरावांनी मला खाली काढून पुसले. अंतर सुमारे चौदा हजार किलोमीटर, थेट विमानाने सोळा-सतरा तास. तिथून आज निघालास तर परवा घरी पोचशील, असे त्यांनी त्याला हसून समजावले. पण वर्षे गेली, तो आला नाही. फोनवर दर वेळी अंतराचेच कारण. थोरली कावेरी याच शहरात, मारतहळ्ळीला राहायची. तीही सणालाच उगवायची. रिंग रोडवर गाड्या हलत नाहीत म्हणायची.

मग विश्वासराव जिन्यावरून पडले. मांडीचे हाड मोडले. शेजारच्या शिंप्याने, रोशनने, त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेले आणि घरी येईपर्यंत तोच उशाशी बसला. त्यानंतर कुठे दोन्ही मुले दुकानात जमली. वडील खुर्चीवर बसलेले असताना, त्यांना कोणी न्यायचे यावरून त्यांच्यासमोरच भांडू लागली. वादिराजचे म्हणणे, अक्का गावातच आहे, तिने न्यावे. कावेरी संतापली. तिने मला उचलून त्याच्यापुढे आदळले. माझी एक बाजू फाटली.

“हे तुझं अंतर. यामागं अजून किती वर्षं लपणार आहेस?” ती म्हणाली.

“मी तरी लांब होतो, अक्का. तू याच गावात होतीस. तुझ्याआधी रोशन पोचला.”

विश्वासरावांनी काठी टेकली.

“दोघंही लांबूनच आलात. आता परत जा. मी रोशनकडं राहतो.”

रोशनने त्यांचे अंथरूण उचलले. मुलांपैकी कोणी हात लावला नाही.

वादिराज परत गेला. कावेरी आता रोशनच्या घरी येते. वडील तिने आणलेला डबा खातात, तिच्याशी बोलत मात्र नाहीत. ती तरीही येते, एवढेच तिच्या बाजूने सांगतो.

मित्रांनो, माझी फाटलेली बाजू कोणी चिकटवली नाही, आणि ती माझी मागणीही नाही. अंतर खुशाल मोजा, पण तुमच्या न जाण्याचे खापर माझ्यावर फोडू नका. घरी कोणी वाट पाहत असेल, तर आधी निघा. किती लांब आहे, ते वाटेत विचारा.