खड्या महाराजांनी काढलेली मुळी

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. इतवारीत नत्थूजींच्या ओसरीवर त्या सकाळी सत्तावन्न माणसं होती, मी मोजली. त्यांतली दोन रोग्याला बघायला आलेली, बाकीची खड्या महाराजांना. देवी दर्शन देईपर्यंत बसायचं नाही, असा महाराजांचा नवस होता. सहा महिन्यांत त्यांना टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आत नत्थूजी कण्हत होते. धंतोलीत मूळव्याधीचं ऑपरेशन होऊन आठवा दिवस. कालपासून ताप, ठणका वाढता, रात्रीपासून लघवी बंद. असं काही झालं तर तडक या, हे डॉक्टरांनी सुटी देतानाच बजावलं होतं. पण महाराजांचं निदान निराळं : डॉक्टरनं फांद्या छाटल्या, मुळी आतच ठेवली. ती काढल्यावर तीन दिवस दवाखान्याची पायरी चढायची नाही, नाहीतर पुन्हा रुजते.

इलाज चादरीआड. तिथं डोकावणार कोण? नत्थूजी तर ऑपरेशनला जाताना रामटेकला लग्न आहे, असं सांगून गेले होते. लोकांची ही लाज, तेच महाराजांचं भांडवल.

महाराज वाकले, काही पुटपुटले आणि चादरीखालून वीतभर मुळी ओढून काढली. लालभडक, ठिबकणारी. सगळ्यांनी हात जोडले. नत्थूजींच्या बायकोनं, रंभाबाईंनी, ती ताटात झेलली.

तेवढ्यात मलमपट्टीला येणाऱ्या नर्स सिंधूताई आल्या. त्यांनी नाडी पाहिली, पोट चाचपलं. मग महाराजांच्याच पूजेतलं लिंबू कापून मुळीवर पिळलं. रक्त पिवळं झालं.

"हळदीच्या डागाले साबण लावला का लाल होते, पाह्यलं न वं?" त्या रंभाबाईंना म्हणाल्या. "हे हळद न चुना हाय. माणसाचं रक्त लिंबानं पिवळं नाही होत. न मुळी शतावरीची हाय, बाहीत लपवलेली."

"पण तीन दिवस जायचं नाही म्हणते महाराज..."

"हा माणूस तीन दिवस काढत नाही. आत पू धरला हाय. हजारात एखाद्यालेच होते, पण ज्याले होते त्याले थांबता येत नाही. रिक्षा बोलवा."

महाराज देवीच्या कोपाचं बोलू लागले. सिंधूताईंनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा न महाराज."

"नवस हाय."

"काहून खोटं बोलता गा? चाल पाहूनच समजलं मले. तुमालेबी तेच हाय. सोमवारी दवाखान्यात या, लाजू नका."

महाराज पाय फाकत निघाले. नत्थूजींना त्या तापातही हसू आलं, आणि हसण्यानं कळ.

दुसरं ऑपरेशन झालं, पंधरवडा दवाखान्यात गेला, नत्थूजी वाचले. दुपारपर्यंत थांबलो असतो तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून सांगतो, दुखणं कुठलंही असो, डॉक्टरला दाखवा. चादरीआडच्या चमत्काराची चादर आधी उचला.

महाराज सोमवारी गेले का, हे सिंधूताई सांगत नाहीत. पण दिवाळीनंतर मौद्याच्या बाजारात मी महाराजांना पाहिलं. लाकडी पाटावर ऐसपैस मांडी घालून बसले होते. देवीनं दर्शन दिलं, असं भक्त सांगत होते. कुठल्या वॉर्डात, ते मी विचारलं नाही.