एका ताटात जेवलेली दोघं

एकाच ताटात जेवून वाढलेल्या दोघांपैकी एकाचंच पोट का नासतं? कर्जतकडच्या वस्तीवरच्या कल्याणनं हा प्रश्न नगरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांना विचारला, नर्सला विचारला, लिफ्टवाल्यालासुद्धा विचारला. कुणी उत्तर दिलं नाही. मलाही ते ठाऊक नाही. मी लाल झाकणाची साधी प्लॅस्टिकची डबी आहे. पण तो प्रश्न माझ्यासमोर इतक्यांदा निघाला, की आता तो माझाच वाटायला लागलाय.

माझा जन्म एका मशीनमधून झाला. झाकणाला आतून इवलासा चमचा चिकटवलेला आणि तळाला थोडं औषधी पाणी. चमचा बघून मला वाटलं, आपल्यात बहुतेक मध ठेवतील. मग मोनिका मॅडमनी मला पिशवीतून काढलं आणि कल्याणच्या बहिणीपुढे धरून सांगितलं, "यात शी घ्यायची." माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

मोनिका मॅडम केडगावहून स्कूटीवर यायच्या. त्यांचं काम संशोधनाचं. कल्याणची थोरली बहीण राजेश्वरी त्या हॉस्पिटलात खाटेवर होती. तिच्या आतड्याला सूज होती, आत जखमा होत्या, रक्त जायचं. मॅडमकडे आम्ही दोघी होतो. निळ्या झाकणाची आजारी माणसासाठी, आणि मी, लाल झाकणाची, त्याच घरातल्या, तेच अन्न खाणाऱ्या धडधाकट माणसासाठी.

"पोटात कोट्यवधी जंतू असतात," मॅडम सांगत होत्या. "सगळे वाईट नसतात. बरेचसे आपल्या कामाचे असतात. आणि आतड्याच्या पेशी बारीक बारीक चिठ्ठ्या सोडतात. मायक्रो-आरएनए म्हणतात त्यांना. अमुक काम थांबवा, तमुक कमी करा, असं त्या पेशींना सांगतात. त्यातल्या काही जंतूंपर्यंतही पोचतात."

"म्हंजी कारखान्याच्या चिटबॉयसारखं," राजेश्वरी म्हणाली. "चिठ्ठी आली की ह्या फडातली ऊसतोड थांबवायची."

"अगदी तसंच. आणि जंतूंमुळे पुन्हा चिठ्ठ्या बदलतात. आजारात दोन्ही बिघडलेलं दिसतं."

कल्याण कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. शाळा त्यानं सातवीतच सोडलेली. तो खाटेच्या कडेला उभा होता, एकदम पुढं आला. "आदी कोन बिघडलं, मॅडम? जंतू का चिठ्ठ्या?"

"तेच शोधतोय. अजून नीट सांगता येत नाही."

"मंग एवढं शिकून काय उपेग?"

"ये कल्या, गप," राजेश्वरी म्हणाली. "त्या निदान शोदत्यात तरी. तू काय करतो? लिफ्टवाल्याला इचारतो."

तिनं निळी डबी दुसऱ्या दिवशी सकाळी भरून दिली. माझी पाळी आली तेव्हा कल्याण कानापर्यंत तांबडा झाला. "मी न्हाई असलं काई करनार."

"अरं, उसाच्या ट्रॉलीखाली चिखलात लोळतो तवा लाज वाटत न्हाई, आन एवढ्याशा डबीला लाजतो?"

त्यानं एकाएकी मला उचललं, मुठीत धरलं आणि म्हणाला, "आक्का ज्या दिवशी चालत घरी यील, त्या दिवशी देईन. त्याआदी न्हाई."

राजेश्वरी पोट धरून हसली. हसताना तिला दुखत होतं. "आसला नवस कुन्या देवाला बोलतो रं? त्यो देव पळून जाईल की!"

मॅडमनी सांगितलं, "जोडी पूर्ण झाल्याशिवाय आम्ही तपासणी लावत नाही. तोवर यांची डबी फ्रीझरमध्ये राहील."

राजेश्वरीचं हसू ओसरलं. "माझी वाया घालवू नको, कल्या," एवढंच ती म्हणाली.

कल्याणनं मला शर्टाच्या खिशातून घरी आणलं आणि चुलीमागच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. हॉस्पिटलातून घरी आला की तो आधी माझ्याकडे बघायचा. नवस बोललाय म्हणजे देवाला तो पुरा करून घ्यावाच लागेल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं. मला तरी तसं वाटायचं. आपल्यामुळे कुणी चालत घरी येणार आहे, याचा मला अभिमानही वाटायला लागला होता.

राजेश्वरी घरी आली. ॲम्ब्युलन्समधून आली, चालत नाही.

तेरावं झाल्यावर त्यांची आई छबूबाई घर आवरायला लागली. फळीवर मी दिसले. तिनं झाकण उघडून वास घेतला, आतलं पाणी मोरीत ओतलं आणि मला राखेनं घासून उन्हात ठेवलं. ते पाणी चिठ्ठ्या टिकवण्यासाठी होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वाळल्यावर तिनं माझ्यात गूळ भरला.

"ह्ये काय केलं, आई?" कल्याण ओरडला.

"त्या बाईचं भांडं हाय न्हवं? परत नको द्यायला?"

"आगं, त्यात... ती वाटी न्हाई, आई. त्यात गूळ न्हाई घालीत."

"रिकामं भांडं परत करत्यात व्हय रं? राजीसाठी केडगावाहून यायची पोरगी. जा, दिऊन ये."

कल्याण खूप वेळ माझ्याकडे बघत बसला. मग मला खिशात घालून नगरच्या एसटीत चढला. वाटभर त्याचं बोट माझ्या झाकणावर होतं. एकदा त्यानं झाकण उघडलं, गूळ पाहिला आणि पुन्हा लावलं.

मॅडमनी मला उघडलं. आधी त्यांना कळेना. मग कल्याणकडे पाहून त्या खुर्चीत बसल्या.

"आईनं दिलाय," कल्याण म्हणाला. "आक्का..."

"कळलं मला."

मग त्यानं विचारलं, "ती निळी हाय का अजून?"

"आहे."

"एकटीच?"

"एकटीच."

"मंग ह्या डबीत चालंल का?"

"नाही. ही धुतली, आतलं औषध गेलं. नवी देते." मॅडम थांबल्या. "पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"व्हय. म्हनलो हुतो."

तो नवी डबी घेऊन निघाला. दाराशी थांबला. "ह्यानं कळंल का, मॅडम? तिलाच का, आन मला का न्हाई?"

"एका जोडीनं नाही कळणार. बऱ्याच जोड्या लागतील. तेव्हाही कळेलच असं मी सांगू शकत नाही."

मला वाटलं, आता तो चिडेल, डबी भिरकावेल. पण त्यानं मान हलवली आणि तो गेला.

मी अजून मॅडमच्या टेबलावर आहे. गुळाचे दोन खडे उरलेत, मुंग्यांना माझा पत्ता लागलाय. ज्यासाठी मला घडवलं, ते माझ्या हातून झालंच नाही. माझ्या जागी दुसरी गेली. मी रिकामी परत आले नाही, हे खरं. पण त्याला काही मोल आहे का, तेही मला ठरवता येत नाही. मोनिका मॅडम, त्या चिठ्ठ्या वाचता आल्या, तर त्यांत जे निघेल ते कल्याणला कळवा. काहीच निघालं नाही, तर तेही कळवा.

कल्याण नवी डबी भरून परत आला, त्या दिवशी तो कानापर्यंत तांबडा होता. डबीवर नावासाठी पट्टी होती. पेन घेऊन एकेक अक्षर जपून काढत त्यानं लिहिलं, 'राजेश्वरीचा भाऊ'.

"तुमचं नाव हवं," मॅडम म्हणाल्या.

"त्येच हाय."

मॅडमनी त्याला हातमोजे दिले आणि फ्रीझर उघडला. पांढरी वाफ बाहेर आली. त्यानं आत वाकून निळं झाकण शोधलं, आपली डबी तिला चिकटवून ठेवली आणि दोन्ही नावं समोरून दिसतील अशा बेतानं हळूच फिरवली.