बंदा रुपया

काळी पूड. सुईच्या टोकाला, चिमूटभरही नाही. शिवदास फुंकर मारायचे, ती उडून जायची.

बंदा रुपया. आठ ग्रॅम.

घाटकोपरची चाळ, चौदा एप्रिलची सकाळ. भीमगीतांच्या रेकॉर्डची दुसरी बाजू, तिसरं गाणं. मध्ये एक ओळ, एकट्या बाईच्या आवाजात.

ती बाई मीरा, शिवदासांची बायको. जाऊन एकवीस वर्षं झाली. त्या ओळीबाहेर तिचा आवाज कुठेच नाही.

आठ.

"काका, हे काय चिकटवलंय?" गिल्बर्टनं विचारलं. तो जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचा, गोराईहून आला होता. सुईच्या दांड्यावर, चिकटपट्टीखाली, रुपया होता.

"रेकॉर्ड अडकायची. वजन ठेवलं की नाही अडकत. चाळीत सगळेच ठेवायचे."

"किती वर्षं?"

"ही जन्मायच्या आधीपासून." शिवदासांनी मुलीकडे बोट केलं.

"पप्पा, लोकांसमोर वय काढू नका ना," संघमित्रा म्हणाली. दरवर्षी आईची ओळ पुसट होत होती. मशीन बिघडलंय, असं ती धरून चालली होती. ओळ मोबाइलमध्ये उतरवून घ्यायची, म्हणून तिनं गिल्बर्टला बोलावलं होतं.

शून्य.

त्यानं रुपया सोडवला. दांड्यामागचं वजन फिरवत गेला. दांडा हवेत तरंगत राहिला, ना वर ना खाली.

"आता बरोबर दोन ग्रॅम द्यायचे. जास्त नाय."

दोन.

आधी पहिली बाजू लावली. ती कोणी लावायचंच नाही. पेटी स्वच्छ वाजली, ढोलकीचं कातडं ऐकू आलं. शिवदास ताठ बसले.

"झकास रे," संघमित्रा म्हणाली आणि मोबाइल पुढे धरला.

दुसरी बाजू. तिसरं गाणं. कोरस चिरकत आला, थांबला. मग जे आजवर कोणी ऐकलं नव्हतं ते ऐकू आलं: एका बाईनं श्वास घेतला. छाती भरून, अगदी जवळ.

पुढे खरखर. ओळभर खरखर. मग पुन्हा कोरस.

"सुई हलकी केलीस म्हणून गेली ती," शिवदास म्हणाले. "रुपया ठेव."

"काका, रुपयानंच गेली. जोराचा सूर आधी झिजतो. सुईला काळी पूड यायची ना..."

"मी फुंकायचो."

संघमित्राचा मोबाइल चालूच होता.

"श्वास तेवढा वाचलाय," गिल्बर्ट म्हणाला. "हळू होता म्हणून."

शिवदासांनी हात पुढे केला. संघमित्रानं त्यात रुपया ठेवला. त्यांनी मूठ मिटली.

"पुन्हा लाव. श्वासापर्यंतच. पुढचं नको."

गिल्बर्टनं सुई टेकवली. श्वास आला, तशी उचलली.

त्र्याऐंशीच्या जयंतीला रेकॉर्ड पहिल्यांदा अडकली, तेव्हा शिवदास पाळीवर होते. रुपया मीरानं ठेवला होता.